मुलांना वळण लावायचं तर आधी आपलं लक्ष कुठे जातंय ते बघा

पाच वर्षांचं पोरगं अर्धा तास कोपऱ्यात ब्लॉक्स घेऊन शांत खेळत असतं तेव्हा घरात कुणीच त्याच्याकडे बघत नाही. आई कुकर लावून घेते, बाबा फोनवर असतात, आजी सिरीयल बघत असते आणि सगळ्यांच्या मनात एकच, की चला शांत आहे ना, मग त्याला कशाला डिवचा. मग ते उठतं आणि धाकट्या बहिणीचे केस ओढतं. झालं, पाच सेकंदात तीन मोठी माणसं त्याच्याभोवती, आई ओरडतेय, बाबा फोन ठेवून धावत आलेत, आजी म्हणतेय अगं मारू नकोस त्याला, लहान आहे तो. आता यातून त्या पोराने काय शिकावं, तुम्हीच सांगा.

मी बालवाडीत शिकवते आणि पालकसभेला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "ताई, हा ऐकतच नाही, काय करू?" यावर माझं उत्तर दरवेळी एकाच ठिकाणी येतं. मुलांसाठी सगळ्यात मोठी कमाई म्हणजे आपलं लक्ष, चॉकलेट नाही, खेळणं नाही. आणि हे लक्ष आपण बहुतेक घरांमध्ये नेमकं उलट्या वेळी वाटतो. मुलाला ओरडा खाल्लेला चालतो पण कुणी बघितलंच नाही हे चालत नाही. म्हणून बक्षीस काय द्यायचं, शिक्षा काय करायची हे नंतर, आधी लक्ष कधी द्यायचं आणि कधी काढून घ्यायचं हे जमलं पाहिजे. बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे.

यामागचं शास्त्र जुनं आहे आणि सोपं आहे. एडवर्ड थॉर्नडाइक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९८ च्या सुमारास मांजरांना बंद पेटीत ठेवून बघितलं, आतली खिट्टी चुकून दाबली गेली की दार उघडायचं आणि बाहेर खायला मिळायचं, आणि मांजर हळूहळू बाकीची धडपड सोडून नेमकी तीच गोष्ट करायला लागायचं. ज्या वागण्यानंतर काहीतरी चांगलं घडतं ते वागणं परत होतं, एवढंच. पुढे बी. एफ. स्किनर यांनी उंदीर आणि कबुतरांवर हे खूप बारकाईने तपासलं आणि त्यांना आणखी एक गोष्ट दिसली जी आपल्या फार कामाची आहे, की बक्षीस दरवेळी न मिळता कधीतरी मिळालं तर ती सवय सुटता सुटत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे हट्टाच्या वेळी लागणार आहे.

एकच गोष्ट निवडा

सगळं एकदम सुधारायला जाऊ नका. "नीट वाग" म्हणजे मुलाला काहीच कळत नाही, शहाण्यासारखं वाग म्हणजे नक्की काय करू? एकच वागणं घ्या जे डोळ्यांना दिसतं आणि मोजता येतं. आणि ते "करू नको" मध्ये न सांगता "कर" मध्ये सांगा. येल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ अॅलन काझदिन पालकांना हेच सांगत आले आहेत, की जे नको आहे त्याच्या जागी काय हवंय ते आधी ठरवा. बूट फेकू नको च्या जागी "बूट रॅकमध्ये ठेव". ओरडू नको च्या जागी "माझ्याजवळ येऊन हळू सांग". बहिणीला मारू नको च्या जागी "तुला राग आला की मला हाक मार". ऐकायला किरकोळ वाटतं पण फरक मोठा आहे, कारण जे करायचं नाही त्याचं कौतुक करताच येत नाही ना! मूल दिवसभर बूट न फेकता बसलं तर कुणाला कळणार. पण बूट रॅकमध्ये ठेवले की ते दिसतं, आणि दिसलं की बोलता येतं.

मग दोनचार दिवस फक्त बघा. काही बदलू नका, ओरडत असाल तर ओरडा सुद्धा, पण बघा की हा प्रकार होतो कधी, त्याच्या आधी काय झालं होतं आणि त्यानंतर त्याला काय मिळालं. वहीत दोन ओळी लिहिल्या तरी पुरे. बऱ्याच वेळा असं निघतं की संध्याकाळी साडेसहाला, शाळेतून आल्यावर नीट खाल्लेलं नसताना, आई ऑफिसमधून आल्या आल्या हा दंगा होतो. म्हणजे पोराला अर्धी भूक आहे आणि अर्धी आई हवीय. तिथे पोह्याची बशी आणि दहा मिनिटं मांडीवर घेणं एवढ्याने निम्मं काम होतं, बक्षीसबिक्षीस काही लागत नाही.

कौतुक करायची पद्धत

आपल्याकडे कौतुकाची भीती आहे. जास्त कौतुक केलं तर डोक्यावर चढेल, दृष्ट लागेल, त्यात काय एवढं ते त्याचं कामच आहे. आणि समजा केलंच तर शेपटीला टोमणा असतो. "आज दप्तर जागेवर? सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं!" किंवा "बघ, येतं की नाही तुला, मग रोज का नाही करत?" मोठ्यांना वाटतं आपण कौतुक केलं, मुलाला ऐकू येतो फक्त टोमणा. पुढच्या वेळी ते दप्तर जागेवर ठेवणार नाही आणि त्यात त्याचं काहीच चुकलेलं नाही. कौतुक करायचं तर पूर्ण करा, आणि तिथे थांबा. पुढचं वाक्य गिळून टाका.

कौतुक ताबडतोब हवं. लहान मुलाला सकाळच्या गोष्टीबद्दल रात्री शाब्बास म्हटलं तर जोडणी लागत नाही, तीनचार वर्षांच्या मुलाला तर अजिबातच नाही. बूट रॅकमध्ये गेले, त्याच क्षणी जवळ जाऊन, खांद्यावर हात ठेवून, त्याच्या डोळ्यात बघून म्हणा "आल्या आल्या बूट जागेवर ठेवलेस, न सांगता!" काय केलं ते नेमकं सांगा. नुसतं "गुड बॉय" "शहाणा माझा सोन्या" हे प्रेमाचे शब्द आहेत, म्हणायचे तेव्हा जरूर म्हणा, पण त्यातून कुठल्या गोष्टीसाठी कौतुक झालं ते त्याला समजत नाही. स्वयंपाकघरातून ओरडून केलेलं कौतुक आणि जवळ जाऊन केलेलं कौतुक यातही जमीन अस्मानाचा फरक आहे, हे मी वर्गात रोज बघते.

आणखी एक, हुशारीचं कौतुक कमी करा आणि धडपडीचं जास्त. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग आहेत पाचवीच्या मुलांवर. कोडी सोडवल्यावर काहींना म्हटलं तू हुशार आहेस, काहींना म्हटलं तू मेहनत घेतलीस. मग अवघड कोडी देऊन झाल्यावर हुशार म्हटलेली मुलं लवकर हिरमुसली आणि नंतरच्या सोप्या कोड्यांमध्येही मागे पडली, मेहनतीचं कौतुक झालेली मुलं टिकून राहिली. आपल्याकडे पहिलीपासून "हुशार" आणि "ढ" असे शिक्के मारायची जी सवय आहे ना, ती या बाबतीत फार नडते. "तीन वेळा खोडलंस पण चौथ्यांदा ट नीट काढलास" हे वाक्य "किती हुशार गं माझी बाई" पेक्षा मुलाला जास्त पुढे नेतं.

कौतुकाचा अजून एक प्रकार आहे जो आपल्या भरल्या घरात अगदी सहज जमतो. मुलाला ऐकू जाईल अशा आवाजात दुसऱ्याला सांगायचं. बाबा घरी आले की आईने सांगायचं, अहो आज काय झालं माहितीये, रियाने स्वतःचा डबा स्वतः बेसिनमध्ये नेऊन ठेवला. किंवा गावच्या आजोबांना फोनवर. मूल पडद्यामागे उभं राहून ऐकत असतं आणि चेहरा बघा त्याचा तेव्हा! आपण दिवसभर उलट करतो, मुलासमोर फोनवर त्याच्या तक्रारी सांगतो, "काही विचारू नका, नुसता वैताग आणलाय याने", आणि मुलं तेही तितक्याच लक्ष देऊन ऐकतात.

चिंचोक्यांची बरणी

काही सवयी नुसत्या कौतुकाने लागत नाहीत, विशेषतः ज्या कंटाळवाण्या असतात, दात घासणं, दप्तर भरणं, वेळेत झोपायला जाणं. तिथे थोडे दिवस डोळ्यांना दिसणारं काहीतरी ठेवा. स्टारवाल्या चार्टचं खूप चाललंय आजकाल, तयार विकत मिळतात, पण त्याची गरज नाही. एक रिकामी काचेची बरणी घ्या आणि चिंचोके घ्या, नसतील तर राजमा. ठरवलेली गोष्ट झाली की मुलाने स्वतःच्या हाताने एक चिंचोका बरणीत टाकायचा, तो टण्ण आवाज त्यांना आवडतो. किंवा भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात एक टिकली लावायची. अगदी लहान मुलं मात्र चिंचोके तोंडात, नाकात घालतात, तीन वर्षांच्या आतलं कुणी घरात असेल तर टिकल्याही नकोत, पेनाने फुली मारा.

आता हे करताना लोक कुठे अडकतात ते सांगते. पहिलं म्हणजे सुरुवातीला पायरी फार उंच ठेवतात. सात दिवस रोज गृहपाठ वेळेत केला तर सायकल! पहिल्या मंगळवारी चुकलं की संपलं, मग पोरगं म्हणतं जाऊदे आता काय उपयोग. पायरी इतकी खाली ठेवा की पहिल्या दिवशीच जमेल. आधी आठवण करून दिल्यावर बूट ठेवले तरी चिंचोका, मग काही दिवसांनी एकदाच आठवण केली तर, मग न सांगता. पाच वर्षांखालच्या मुलांना त्याच दिवशी संध्याकाळी काहीतरी मिळालं पाहिजे, सातआठ वर्षांची मुलं शनिवारपर्यंत थांबू शकतात, महिनाभराचं गणित कुणालाच झेपत नाही.

दुसरं, कमावलेला चिंचोका परत काढायचा नाही. कितीही राग आला तरी नाही. दुपारी बहिणीला चावला म्हणून सकाळचा चिंचोका काढून घेतला तर मुलाच्या दृष्टीने हा व्यवहारच खोटा ठरतो, त्याने सकाळी केलेलं काम तर खरं होतं ना? चावण्याचा परिणाम वेगळा, त्याबद्दल खाली लिहिलंय.

तिसरं, बक्षीस म्हणजे वस्तू असं धरू नका. खर्च वाढत जातो आणि मुलाची अपेक्षा पण. आमच्या पालकांनी ठरवलेली काही चांगली बक्षिसं सांगते, रात्री एक गोष्ट जास्त, उद्याची भाजी कुठली ते मुलाने ठरवायचं, रविवारी बाबाबरोबर दोघांनीच टेकडीवर जायचं, गच्चीवर झोपायचं, आजोबांबरोबर कॅरमचा एक डाव, आईच्या जुन्या ओढण्यांचं घर करून त्यात जेवायचं. लक्षात आलं का, यात परत लक्षच मिळतंय. आणि चॉकलेट हे भाजी खाल्ल्याचं बक्षीस म्हणून तर मुळीच ठेवू नका, त्यातून मुलाला एवढंच कळतं की भाजी ही सहन करायची गोष्ट आहे आणि खरा खाऊ चॉकलेट.

काही वेळा वेगळं बक्षीस लागतही नाही, नुसता क्रम बदलून भागतं. डेव्हिड प्रीमॅक यांनी १९५९ मध्ये हे मांडलं, की मूल जे आपणहून आवडीने करतं ते नावडत्या गोष्टीच्या मागे लावलं की नावडती गोष्ट होऊन जाते. आपल्या आज्या हे कायम करत आल्या आहेत, आधी हातपाय धू मग खाऊ, आधी परवचा मग गोष्ट. फक्त सांगताना "हातपाय धुतले नाहीस तर खाऊ नाही" असं धमकीसारखं न म्हणता "हातपाय धुतलेस की खाऊ" असं म्हणा, मुलं लगेच वेगळी वागतात, करून बघा.

आणि हे कायमचं नाहीये. सवय लागतेय असं दिसलं की दोनतीन आठवड्यांनी बरणी हळूच मागे घ्या, रोजच्या ऐवजी दोन दिवसांनी, मग कधीतरी, मग नुसतं कौतुक, कौतुक मात्र चालू ठेवा. मुलं स्वतःच विसरतात बरणीला.

एक महत्त्वाचं, जे मूल आवडीने करतंय त्याला बक्षीस लावू नका. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निसबेट यांचा १९७३ चा प्रयोग प्रसिद्ध आहे, स्टॅनफर्डच्या बालवाडीतली चित्रं काढायला आवडणारी मुलं घेतली, काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर सोनेरी ठसा आणि रिबीन लावलेलं सर्टिफिकेट मिळेल, आणि नंतर बघितलं तर हीच मुलं बाकीच्यांपेक्षा कमी वेळ चित्रं काढायला लागली होती. ज्यांना सर्टिफिकेट अचानक मिळालं त्यांच्यात असं झालं नाही. तुमची मुलगी आपणहून पुस्तक घेऊन बसत असेल तर एका पुस्तकाला दहा रुपये असलं काही सुरू करू नका, कृपा करून.

आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी बालशिक्षणाचं जे काम उभं केलं ते मॉन्टेसरी विचारातून आलं, आणि त्या विचारात शिक्षाही नको आणि बक्षीसही नको अशीच भूमिका आहे, मुलाला कामातच आनंद मिळाला पाहिजे. बोर्डी आणि कोसबाडला ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी शाळाच त्यांच्या अंगणात आणि कुरणात नेली, ती अंगणवाडी आणि कुरणशाळा. मला हे फार पटतं आणि म्हणून मी बरणीकडे थोड्या दिवसांचा आधार म्हणूनच बघते. ज्या कामात आनंद यायला वेळ लागतो, तो येईपर्यंत. दात घासण्यात कुणाला कधी आनंद मिळेल माहीत नाही पण सवय तर लागायला हवी.

हट्ट, भोकाड आणि लक्ष काढून घेणं

दुकानात लोळण घेणं, एकच गोष्ट शंभर वेळा मागणं, रडका आवाज काढणं, मुद्दाम तोंडं वेडावणं, यातलं बरंचसं बघणारा आहे म्हणून चालतं. अशा वेळी लक्ष काढून घ्यायचं. म्हणजे बघायचं नाही, समजवायचं नाही, "मी तुझ्याशी बोलणार नाहीये" हे पण दहा वेळा म्हणायचं नाही (ते बोलणंच झालं), चेहरा साधा ठेवून आपलं काम करत राहायचं. आणि जसा आवाज खाली आला, एक श्वास घेतला, त्याच क्षणी परत जवळ घ्यायचं, "हां, आता शांत बोलतोयस, सांग काय झालं". हा दुसरा भाग विसरलात तर पहिल्याचा काही उपयोग नाही, ते नुसतं रुसणं होतं आणि मुलाला वाटतं आईचं प्रेमच गेलं.

आता खरी परीक्षा. लक्ष काढून घेतलं की हट्ट आधी वाढतो. हे ठरलेलं आहे, काल ज्या रडण्याने चॉकलेट मिळत होतं ते आज मिळत नाही म्हटल्यावर मूल आवाज वाढवून बघतं, लोळून बघतं, वस्तू फेकून बघतं. नेमक्या याच वेळी नव्वद टक्के घरात कुणीतरी म्हणतं "दे बाई एकदाचं, डोकं उठलं". आणि तिथे मूल शिकतं की साधं रडून भागत नाही, वीस मिनिटं जोर लावला की मिळतं. वर स्किनरचं सांगितलं ना, कधीतरी मिळणारं बक्षीस सगळ्यात घट्ट बसतं, ते हेच. म्हणून द्यायचंच असेल तर पहिल्याच मागणीला हसत देऊन टाका, आणि नाही म्हणायचं असेल तर शेवटपर्यंत नाही. मधलं काही नको.

शिवाय यात आपणही शिकत असतो हे कुणी सांगत नाही. चॉकलेट दिलं की रडणं थांबतं, कानाला आराम मिळतो, म्हणजे आपल्यालाही द्यायची सवय लागते. मूल आपल्याला वळण लावतं आणि आपण मुलाला, दोघं मिळून एका चक्रात अडकतो. अमेरिकेत ओरिगनमध्ये मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी अनेक वर्षं घराघरांत जाऊन हे चक्र बघितलं आणि त्यातून पालकांना शिकवायच्या पद्धती तयार झाल्या.

काय दुर्लक्ष करायचं नाही ते पण स्पष्ट सांगते. मारणं, चावणं, रस्त्यावर धावणं, गॅसशी खेळणं, स्वतःला इजा करणं, इथे लगेच उठून थांबवायचं. आणि मूल खरंच घाबरलंय, दुखतंय, आजारी आहे म्हणून रडत असेल तर त्याला जवळच घ्यायचं, त्यात हट्ट शोधू नका.

परिणाम, म्हणजे शिक्षा नव्हे

चुकीचं वागल्यावर काहीतरी व्हायला हवंच, नुसत्या कौतुकावर घर चालत नाही. पण ते काय असावं? चुकीशी जोडलेलं, छोटं, आधी सांगितलेलं आणि लगेच होणारं. दूध मुद्दाम सांडलं तर फडकं घेऊन पुसायचं, आईने मदत केली तरी चालेल पण पुसायचं त्याने. गाडी बहिणीच्या अंगावर फेकली तर गाडी संध्याकाळपर्यंत कपाटावर. मोबाईल ठरलेल्या वेळेनंतर दहा मिनिटं सोडला नाही तर उद्याच्या वेळेतून दहा मिनिटं कमी. भिंतीवर रेघोट्या मारल्या तर ओलं फडकं आणि बादली. काही वेळा तर आपल्याला काही करावंच लागत नाही, स्वेटर नको म्हणाला आणि बाहेर गारठा लागला की स्वतःच मागतो, फक्त तेव्हा "बघ, मी सांगत होते ना" हे म्हणू नका, मुकाट्याने स्वेटर द्या. थंडीने जे शिकवलं ते आपल्या बोलण्याने पुसलं जातं.

माझा सगळ्यात आग्रहाचा मुद्दा इथे आहे. परिणाम इतका छोटा असू द्या की तुम्ही तो खरंच अमलात आणाल. "आता महिनाभर टीव्ही बंद" असं रागात म्हणता आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्हालाच अर्धा तास शांतता हवी असते म्हणून तुम्हीच लावून देता. "परत असं केलंस तर वाढदिवस कॅन्सल", हॉल बुक झालाय, पाहुण्यांना फोन झालेत, कोण कॅन्सल करणार? मुलांना हे सगळं कळतं. दहा मिनिटांचा परिणाम जो दरवेळी होतो तो महिन्याच्या धमकीपेक्षा कितीतरी जास्त चालतो. आणि एकदा सांगायचं, शांत आवाजात, मग करायचं. पाच वेळा ओरडून सहाव्या वेळी उठलात तर मुलाला समजतं की पहिल्या पाच वेळा ऐकायची गरज नाही.

जेवण, झोप, मांडीवर घेणं, शाळेत जाणं हे कधीच परिणाम म्हणून काढून घेऊ नका. अभ्यास ही शिक्षा म्हणून देऊ नका, दहा वेळा पाढे लिही म्हटलं की पाढ्यांचाच राग येतो. पोलीसकाका घेऊन जातील, डॉक्टर सुई टोचतील, बागुलबुवा येईल, हॉस्टेलला टाकू, "थांब तू इथेच, मी चालले", या धमक्या तर घरातून हद्दपार करा. उद्या मूल गर्दीत हरवलं तर पोलिसाकडेच जायचंय त्याला, आणि ताप आल्यावर डॉक्टरांकडेच.

कोपऱ्यात बसवणं, टाइम आऊट म्हणतात ते, नीट केलं तर ठीक आहे. वयाला एक मिनिट एवढाच वेळ पुरतो, म्हणजे चार वर्षांच्या मुलाला चार मिनिटं. अंधाऱ्या खोलीत, बाथरूममध्ये कोंडायचं नाही, दिसेल अशा ठिकाणी साधी खुर्ची. तिथे व्याख्यान द्यायचं नाही. वेळ संपली की विषय संपला, रात्री बाबांसमोर खटला परत चालवायचा नाही. पण हे तेव्हाच चालतं जेव्हा एरवी घरात त्याचा वेळ मजेत जातो, जर दिवसभर कुणी खेळतच नसेल त्याच्याशी तर कोपऱ्यात काय आणि बाहेर काय, त्याला सारखंच.

आणि मार. आम्हीपण मार खाऊनच मोठे झालो, काय बिघडलं आमचं, हे वाक्य प्रत्येक सभेत कुणीतरी म्हणतंच. थप्पड मारली की मूल त्या क्षणी थांबतं, म्हणून आपल्याला वाटतं चाललं, आणि आपला हात पुढच्या वेळी आणखी लवकर उठतो. पण मुलाला काय करायचं ते थपडेतून कळत नाही, आपल्यापेक्षा लहान असणाऱ्याला मारून गप्प करता येतं एवढं मात्र कळतं, आणि मग तेच धाकटीवर उतरतं. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये मारण्याच्या आणि अपमान करण्याच्याही विरोधात स्पष्ट भूमिका घेतली. आपल्याकडे शाळेत तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे, तरी काही पालक येऊन आम्हाला सांगतात, ताई दोन ठेवून द्या आमची परवानगी आहे. अशी परवानगी देता येत नाही आणि आम्हाला नकोय ती.

आजीआजोबा, पाहुणे आणि भावंडं

घरात आईने नाही म्हटलं आणि आजीने पदराआडून दिलं तर वरचं सगळं पाण्यात जातं, पण आजीवर चिडूनही उपयोग नाही. त्यांना बरणीचं मालक करा. संध्याकाळी चिंचोका टाकायला द्यायचं काम आजीचं, म्हणजे लाड पण होतात आणि नियम पण राहतो. आईबाबांचं पटत नसेल तर मुलासमोर नको, रात्री दोघांनी बोलून दोनच नियम ठरवा जे सगळे पाळतील, बाकी थोडं इकडेतिकडे चालतं. लग्नकार्यात, गावी, पाहुणे असताना नवीन काही सुरू करू नका, त्या चार दिवसात फक्त चांगलं दिसेल ते टिपून बोलत राहा. भावंडांची तुलना करून दिलेलं कौतुक, "बघ ताई कशी पटकन जेवली", याने ताई पण एकटी पडते आणि धाकटा पण शिकत नाही. त्यापेक्षा दोघांची मिळून एक बरणी ठेवा, दोघं दहा मिनिटं न भांडता खेळले की एक चिंचोका.

दहाअकराच्या पुढच्या मुलांना चिंचोके बालिश वाटतात, तिथे बसून बोला. फोन किती वेळ, क्लासवरून आल्यावर काय, नियम मोडला तर काय, हे त्यालाच सुचवायला सांगा आणि कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. मुलं स्वतःला बऱ्याचदा आपल्यापेक्षा कडक नियम लावतात, ते थोडे सैल करायचं काम आपलं. आणि कौतुक त्यांनाही लागतं, फक्त मित्रांसमोर नको, जाता जाता एका वाक्यात.

हे सगळं महिना दीड महिना मनापासून करून काहीच फरक नसेल तर पद्धतीला दोष द्यायच्या आधी मुलाकडे बघा. झोप पुरते का, ऐकू नीट येतं का, फळ्यावरचं दिसतं का, वयाच्या मानाने बोलणं मागे आहे का, शाळेत कुणी त्रास देतंय का. "ऐकत नाही" म्हणून माझ्याकडे आलेल्या मुलांमध्ये खरोखर कानाला कमी ऐकू येणारी मुलं निघाली आहेत. बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि तेव्हा ती दोन ओळींची वही बरोबर न्या, काय कधी होतं हे लिहिलेलं असलं की डॉक्टरांनाही पुढे कुणाकडे पाठवायचं ते ठरवणं सोपं जातं.